ताण कुठला कुठला आहे, ते आधी वेगळं कर

ताई,
मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. बीएस्सी नर्सिंग झालं आणि पाच महिन्यांपासून नांदेडच्या एका खासगी मानसोपचार व व्यसनमुक्ती हॉस्पिटलात आहे. नाईटला बावीस पेशंटमागं मी एकटी, मदतीला वॉर्डातल्या एक मावशी आणि एक मामा. सलग सहा नाईट लागतात. मागच्या महिन्यात एका पेशंटनं कानाखाली मारली, तेव्हापासून इंजेक्शन द्यायला गेले की हात थरथरतो. पेशंट आवरत नसला की मामा त्याला बांधतात आणि फाईलवर सही माझी असते. त्यात एक शेतकरी पेशंट बरा होऊन घरी गेला आणि दहा दिवसांत फवारणीचं औषध पिऊन गेला. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या मीच समजावून दिल्या होत्या. झोप लागत नाही. दोनदा वॉर्डातली क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी घेतली. मैत्रिणी म्हणतात, आयसीयूत जा, इथं हातचं काम विसरशील. घरचे म्हणतात, स्थळ आलं की वेड्यांच्या दवाखान्यात आहे म्हणून सांगू नको. काम मला आवडतं, पण मी यासाठी बनलेली नाही असं वाटायला लागलंय. एमएस्सी करू, सरकारी परीक्षा देऊ की हे सोडूनच देऊ? मूळ कागदपत्रं हॉस्पिटलात जमा आहेत.
एक सिस्टर, नांदेड

प्रिय सिस्टर,

तुझ्या पत्रात चार गोष्टींची गाठ बसली आहे. झोप उडाली आहे. एक पेशंट गेला, त्याचं दुःख आहे. त्या हॉस्पिटलची नाईटची व्यवस्था वाईट आहे. आणि चौथं म्हणजे मानसोपचारातलं नर्सिंग हे काम. पुढचं करिअर ठरवायला यातली फक्त चौथी गोष्ट उपयोगाची, आणि तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस: काम आवडतं. म्हणून आजच्या अवस्थेत राजीनामाही लिहू नकोस आणि एमएस्सीचा फॉर्मही भरू नकोस. आधी पहिल्या तीन गोष्टींकडे बघू.

सुरुवात त्या गोळीपासून करते, कारण ती सगळ्यांत तातडीची आहे. वॉर्डातली गोळी पुन्हा घ्यायची नाही. क्लोनाझेपामचा असर एका झोपेपुरता नसतो. तिचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे सकाळी घेतलेली गोळी रात्री औषधांची ट्रॉली भरताना अजून अंगात असते आणि चुकीच्या बेडला चुकीची गोळी जाते ती अशाच रात्री. आठवड्यांमागून आठवडे घेतली तर तिच्याशिवाय झोप येईनाशी होते, हे तू तुझ्याच व्यसनमुक्तीच्या पेशंटमध्ये रोज बघतेस. शिवाय ही औषधं स्टॉक रजिस्टरला मोजून असतात. कमी भरलेल्या एका गोळीचा प्रश्न नोकरीपुरता राहत नाही, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनपर्यंत जाऊ शकतो. दोनदा घेतलीस, तिथंच थांबव. औषधाची खरंच गरज असेल तर डॉक्टरांनी तपासून तुझ्या नावानं लिहून दिलेलं घे.

नाईटनंतरची झोप औषधाशिवाय पुष्कळ सुधारते, पण त्यासाठी दिवसाची आखणी लागते. चहा रात्री दोनच्या आत संपव. सकाळी आठला सुटलीस की डोळ्यांवर गडद चष्मा आणि डोक्याला स्कार्फ, कारण सकाळचं ऊन शरीराला दिवस उजाडल्याचं सांगतं आणि मग झोप येत नाही. घरी पोचल्यावर हलकं खा, पोहे किंवा भाकरीचा तुकडा चालेल, पण उपाशी झोपू नकोस. खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, नऊ ते दोन झोप. संध्याकाळी ड्युटीला निघण्याआधी दीड तासाची आणखी एक झोप, ही बहुतेक मुली टाळतात आणि सगळ्यांत जास्त उपयोग हिचाच होतो. स्कूटीवर डुलकी यायला लागली असेल तर त्या आठवड्यात शेअर रिक्षानं ये. सलग सहा नाईटमध्ये हे सगळं पाळूनही झोपेची उधारी वाढतच जाते. तीन, फार तर चार नाईट आणि मग सुटी, असा रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, मागून घ्यावा लागेल. त्याकडे पुढे येते.

आता एक तपासणी. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली तुझ्या ओपीडीत असेलच, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रामाणिकपणे भर. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर हा नुसता कामाचा शीण नाही, डॉक्टरांना दाखवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर बाकी बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. स्वतःच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. जे तुझा रोटा लावतात त्यांनीच तुझे उपचार करणं दोघांनाही जड जातं. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी आहे. तिथं ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर लातूर किंवा अंबाजोगाईला जा. कुठंच जावंसं वाटत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तू काय सांगितलंस ते गुप्त ठेवण्याचं बंधन मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं घातलेलं आहे.

त्या शेतकऱ्याबद्दल. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या समजावून दिल्यास म्हणून तो गेला नाही, हे तुलाही कळतं, पण कळूनही मनातून जात नाही. म्हणून एक गोष्ट नीट समजून घे. आत्महत्येचा धोका वॉर्डात जितका असतो त्याहून डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि पहिल्या महिन्यात जास्त असतो. वॉर्डात जेवण, झोप, औषध सगळं वेळेवर असतं. घरी गेल्यावर सावकार तोच, सोयाबीनचा भाव तोच, आणि फवारणीचा डबा गोठ्यात पहिल्याच जागी. उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत अंगातली मरगळ मनातल्या निराशेच्या आधी कमी होते. माणूस उठून कामाला लागलेला दिसतो, घरच्यांना तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि ते लक्ष काढून घेतात.

यात बदलता येण्यासारखं बरंच आहे आणि ते डिस्चार्जच्या अर्ध्या तासात बसतं. घरी कीटकनाशक आहे का, हे पेशंटला न विचारता बायकोला किंवा भावाला बाजूला घेऊन विचारायचं. असेल तर ते घरातून हलवायचं, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात, आणि किल्ली पेशंटकडे नाही. मरण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि तेवढ्यात डबा हाताशी नसणं यानंच जीव वाचतो, म्हणून हा प्रश्न गोळ्यांइतकाच महत्त्वाचा आहे. गोळ्या महिन्याच्या एकदम न देता सात दिवसांच्या द्याव्यात अशी विनंती डॉक्टरांना करायची. विशेषतः ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधं असतील तर नक्कीच, कारण ती एकदम जास्त घेतली तर हृदयावर जातात. गोळ्या नातेवाइकाच्या ताब्यात. फेरतपासणी सात दिवसांच्या आत, आणि तारीख कागदावर मोठ्या अक्षरात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या फोनवरून एक फोन. तुझ्या स्वतःच्या मोबाईलवरून मात्र नाही. एकदा नंबर दिलास की नाईट संपल्यावरही तुझी ड्युटी संपत नाही. हे सगळं एका कागदावर टाक, परिसेविकेला (वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला) किंवा डॉक्टरांना दाखव आणि प्रत्येक डिस्चार्ज फाईलला लावण्याची परवानगी माग. एवढं करूनही एखादा पेशंट जाईल. कॅन्सरच्या वॉर्डात जातात तसे इथंही काही पेशंट आजारानं जातात.

त्या मृत्यूबद्दल वॉर्डात कुणाशी बोललीस का, हे पत्रात नाही. बहुतेक बोलली नसशील. एका भरवशाच्या सीनियर सिस्टरबरोबर वीस मिनिटं बस आणि त्याची भरती ते डिस्चार्ज क्रमानं सांग. मात्र सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून जबरदस्तीनं घटना वदवून घेण्यानं फायदा होत नाही, कधी त्रास वाढतो. बोलावंसं वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच.

आता कानाखालची. हात थरथरतो तो भित्रेपणामुळे नाही, शरीर त्या जागेला आणि त्या कृतीला धोका मानायला लागलंय म्हणून. सुरक्षित पद्धतीनं तीच कृती पुन्हा पुन्हा केली की ते उतरतं. चिडलेल्या पेशंटला इंजेक्शन द्यायला एकटीनं जायचं नाही. तुझ्यासकट निदान तिघं. बोलणार एकच जण, बाकीचे गप्प, कारण तिघांनी तीन बाजूंनी समजावलं की घाबरलेल्या माणसाला तो हल्ला वाटतो. दोन हात अंतर ठेव, समोरासमोर न राहता थोडं तिरकं उभं राहा, आणि दार तुझ्या पाठीशी असू दे, पेशंटच्या पाठीशी नको. ओढणी पिन करून किंवा काढून, लांब कानातलं आणि गळ्यातला स्टेथोस्कोप बाहेर, ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी. खिशात पेन किंवा कात्री नको. फेऱ्या मारणं, मुठी आवळणं, एकच वाक्य चढत्या आवाजात पुन्हा म्हणणं ही मारण्याच्या आधीची चिन्हं बहुतेक वेळा काही मिनिटं आधी दिसतात. तेव्हाच पाणी विचार, बसायला जागा दे, बाकीचे पेशंट बाजूला घे. इंजेक्शन दिल्यावर काम संपत नाही. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन आणि हाकेला ओ देतोय का, हे लिहायचं. आणि ओलान्झापिन व लोराझेपाम ही शांत करणारी दोन्ही इंजेक्शनं लागोपाठ द्यायला सांगितली तर थांबून डॉक्टरांना विचार. दोन्हींच्या मध्ये किमान तासाचं अंतर लागतं, नाहीतर श्वास आणि बीपी खाली जाऊ शकतं.

मारहाणीची लेखी नोंद झाली का? घटनेचा अहवाल त्याच पाळीत लिहायचा असतो: वेळ, जागा, आधी काय झालं, कोण हजर होतं, तुला काय लागलं. आजारात भान नसलेल्या पेशंटवर पोलीस केस करा असं मी म्हणणार नाही. पण नोंद नसेल तर हॉस्पिटलच्या लेखी ती घटना घडलेलीच नसते आणि नाईटला दुसरी सिस्टर मागायला तुझ्या हातात काहीच राहत नाही. नातेवाइकानं हात उचलला तर गोष्ट वेगळी. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सोबतच्या कर्मचाऱ्यानं किंवा वरिष्ठानं लैंगिक त्रास दिला तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं ही समिती असणं बंधनकारक आहे.

बांधण्याच्या कागदावरची सही मला सगळ्यांत जास्त खटकली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ वाच. पेशंटला बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. साखळी तर कधीच नाही. म्हणून मामांनी परस्पर बांधलं आणि तू सही केलीस, हे यापुढे बंद. फोन करून डॉक्टरांची परवानगी घ्यायची, फोनची वेळ आणि त्यांचं नाव फाईलवर, कशानं बांधलं, का बांधलं, किती वाजता सोडलं, सगळं लिहायचं आणि सकाळी डॉक्टरांची सही घ्यायची. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांबाबत त्याच्या बाजूनं उभं राहायला नेमलेल्या माणसाला) चोवीस तासांत कळवायचं असतं. बांधलेल्या हातापायाची बोटं गार पडली का, निळी झाली का, हे दर पंधरा मिनिटांनी बघ. पालथं कधीच बांधू देऊ नकोस, श्वास अडतो.

या वॉर्डातली अर्धी भीती औषधांची ओळख वाढली की जाते, आणि ही ओळख बीएस्सीच्या थोड्या दिवसांच्या पोस्टिंगमध्ये होत नाही. म्हणून नाईटला जे समोर येतं त्यातलं काही सविस्तर सांगते.

हॅलोपेरिडॉल हे भास-भ्रम आटोक्यात आणणारं औषध सुरू झालेला तरुण पोरगा. पहिल्या तीन-चार दिवसांत कधीतरी मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर फिरतात, जबडा घट्ट, जीभ जड. बाजूला बसलेली आई ओरडते, ‘अंगात आलं, बाहेरचं हाय हे’, आणि उद्या त्याला देवऋषाकडे न्यायचं ठरवते. तो औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांना फोन करायचा. फेनरगनचं इंजेक्शन, बहुधा २५ ते ५० मिलिग्रॅम, त्यांच्या ऑर्डरनं दिलं की अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. आईला तिथंच दाखव आणि सांग, नाहीतर घरी गेल्यावर ती सगळीच औषधं बंद करील. आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना घरघर आली तर घशाचे स्नायू आवळले आहेत, ती आणीबाणी. याच औषधानं आणखी एक गोष्ट होते: पेशंटला एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात, उठबस चालू. नवीन सिस्टर याला चिडचिड वाढली असं लिहिते, डॉक्टर फोनवर हॅलोपेरिडॉल आणखी वाढवतात आणि तळमळ दुप्पट होते. म्हणून विचार, ‘आतून अस्वस्थ वाटतंय की पाय स्थिर राहत नाहीत?’ त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना कळव.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा लिथियमवरच्या (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या) पेशंटकडे जास्त लक्ष लागतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत हवी. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, म्हणजे चालायला थोडीच जागा आहे. घाम, जुलाब, उलट्या, निर्जळी उपवास, बीपीसाठी म्हणून अचानक तोडलेलं मीठ, पाठदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, यातल्या कशानंही पातळी चढते. हात बारीक थरथरणं नेहमीचं. तेच थरथरणं मोठं झालं, बोलणं जड झालं, चालताना तोल गेला की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना लगेच फोन. रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी देऊन मग नमुना काढला तर आकडा खोटा चढलेला येतो, ही चूक फार होते. उन्हाळ्यातच आणखी एक घोटाळा: अंग लाकडासारखं कडक, ताप, घाम, गोंधळलेलं बोलणं आणि बीपी वरखाली. ऊन लागलं म्हणून सलाईन लावून स्वस्थ बसू नकोस. मनोविकाराच्या औषधांनी होणारा हा जीवघेणा प्रकारही असू शकतो. औषध थांबवायचं आणि त्याला आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवायचं.

व्यसनमुक्तीत भरतीच्या कागदावर एक प्रश्न ठळक लिही: शेवटचा घोट किती वाजता? त्यावर पुढच्या चार रात्री ठरतात. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. फिट येणार असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये भ्रम, भिंतीवर किडे दिसणं, वेळेचं आणि जागेचं भान सुटणं. दुसऱ्या दिवशी पेशंट शांत दिसला म्हणून तिसऱ्या रात्री ढिलाई करायची नाही. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ग्लुकोजच्या आधी जायला हवं. उलट झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि तू नांदेडला आहेस म्हणून मुद्दाम सांगते. तेलंगणाच्या सीमेकडून आलेल्या पेशंटला शिंदीबद्दल विचार. भेसळीच्या शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट सापडलेलं आहे. तो सांगतो ‘दारू पीतच नाही’, आणि भरतीनंतर फिट येते किंवा भ्रम होतो.

गोळी गालात लपवणं, बाथरूमची आतून लागणारी कडी, करदोटा, चार्जरची वायर, फिनेलची बाटली, हे सीनियरांनी सांगितलं असेलच. एकच भर घालते. राऊंड बरोबर दर अर्ध्या तासाला नको, वेळ मागंपुढं कर, कारण ठरलेली वेळ पेशंटला पाठ होते. पाळी बदलायच्या वेळी सगळे टेबलाभोवती जमतात, तेव्हा मावशींना वॉर्डात ठेव.

नोंद लिहिताना ‘पेशंट शांत, झोप बरी’ असं लिहू नकोस. ‘११ ते ३ झोपला, ३ वाजता उठून दाराशी उभा, म्हणाला मला कुणीतरी बोलावतंय, पाणी घेतलं, ३.४० ला झोपला’ असं लिही. डॉक्टरांना यातून औषध ठरवता येतं आणि उद्या प्रश्न आला तर तुझ्याकडे पुरावा असतो. सगळं कागदावर उतरलं की घरी जाऊन ‘मी सांगायचं विसरले का’ म्हणून जाग येणंही कमी होतं. झोपेच्या आखणीइतकाच याचा उपयोग होतो.

आता करिअर. हॉस्पिटलला एक पानाचं लेखी पत्र दे, पोच घे. त्यात तीनच मागण्या: नाईटला दुसरी सिस्टर, सलग चारपेक्षा जास्त नाईट नको, आणि बांधण्याची व ऑन-कॉल डॉक्टरांना बोलावण्याची लेखी पद्धत. दोघी-तिघींनी मिळून दिलंत तर आणखी बरं. महिन्याभरात काहीच हललं नाही तर हॉस्पिटल बदल. क्षेत्र बदलायचं की नाही, ते त्यानंतर तीन महिने धड रोट्यावर काम करून ठरव. तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचार: एका पेशंटजवळ वीस मिनिटं बसून ऐकल्यावर थकवा येतो की पुढं काय करावं असं डोक्यात सुरू होतं? पाळी संपेपर्यंत निकाल डोळ्यांसमोर हवा असणाऱ्या मुली ओटी आणि आयसीयूत रमतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. इथं सुधारणा आठवड्यांनी मोजतात आणि बरा झालेला पेशंट वर्षानं पुन्हा भरती होतो. हे ज्यांना सहन होतं त्या इथं टिकतात.

हातचं काम विसरशील, हे मला पटत नाही. डिलिरियम (आजारानं अचानक भान हरपणं), फिट, विषबाधा, क्लोझापिन या औषधावर सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघणं, या औषधांनी वाढणारी शुगर आणि वजन, हे सगळं नर्सिंगच आहे. तरी सहा महिने मेडिसिन वॉर्डात मिळत असतील तर घे. फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट आधी तिथंच येतात, ‘फवारताना तोंडात गेलं’ असं नातेवाईक सांगतात, आणि त्यांच्याशी बोलता येणारी सिस्टर तिथं फार कमी सापडते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार धरलं जातं, शिक्षा होत नाही, हे त्यांना सांगितलं की खरं काय घेतलं ते कळतं आणि उपचार नीट होतात.

वाटा अशा. एमएस्सी नर्सिंगला मानसिक आरोग्य हा विषय घेता येतो, दोन वर्षं. बीएस्सीला ५५ टक्के आणि नंतर एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणून हे पाच महिने वाया जाऊ देऊ नकोस, सलग किंवा जोडून वर्ष पुरं कर. शिकवायचं असेल किंवा पुढं प्रशासनात जायचं असेल तर ही वाट. पेशंटजवळच राहायचं असेल तर माझं मत एका वर्षाच्या पोस्ट बेसिक मानसोपचार नर्सिंग डिप्लोमाला. बेंगळुरूच्या निम्हान्सचा अभ्यासक्रम त्यात नावाजलेला. यालाही एक वर्षाचा अनुभव लागतो. सरकारी नोकरीसाठी अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) जाहिराती वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य विभाग काढतात, आणि एम्ससाठी नॉरसेट ही परीक्षा असते. तिथं बीएस्सीवाल्या मुलींना अनुभवाची अट नाही. जीएनएम हा नर्सिंग डिप्लोमा केलेल्यांना मात्र ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, ओळखीच्या कुणाला सांगायला उपयोगी पडेल. सरकारीत गेलीस की मानसोपचारच मिळेल याची खात्री नाही. तरी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या कॉलेजांत हा विभाग आहे, आणि इच्छेनं तिथं मागणी करणाऱ्या सिस्टर इतक्या कमी असतात की मागितलं तर मिळण्याची शक्यता बरी.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विचार गंभीरपणे कर. जिल्हा रुग्णालयात टीम बसते, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स, आणि ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत ओपीडी होते. कंत्राट अकरा महिन्यांचं, नोकरीची शाश्वती कमी, हा तोटा आहे. पण नाईट जवळजवळ नाही, आणि डिस्चार्जनंतर गळणारे पेशंट हातात धरण्याची खरी जागा हीच. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत, मराठवाड्यात एकही नव्हतं. जालन्याला आता मंजुरी मिळाली आहे. इथल्या पेशंटसाठी इथंच शिकलेल्या सिस्टर लागणार आहेत.

घरच्यांशी वाद घालू नकोस, पण स्थळाला खोटंही सांगू नकोस. ‘मानसिक आरोग्य विभागात स्टाफ नर्स आहे’ एवढं सरळ वाक्य पुरे. नोकरी लपवून लग्न झालं तर पहिल्या नाईटलाच प्रश्न उभा राहतो. आईला एकदा ओपीडीत आणून बसव. रांगेत तिला गावातलीच माणसं दिसतील.

शेवटी कागदपत्रं. मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवून घ्यायचा हॉस्पिटलला अधिकार नाही. पडताळणी करून परत द्यावीत, असा एक अर्ज आजच दे: कुठली कागदपत्रं, कुठल्या तारखेला जमा केली, कुणी घेतली. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणी आहे किंवा कौन्सिलच्या नूतनीकरणाला लागतात, हे कारण पुरेसं आहे. नाहीच दिली तर स्पीड पोस्टानं तेच पत्र पाठव, त्यानंतर वकिलाची नोटीस. बहुतेक ठिकाणी पोस्टाच्या पत्रावरच कागद मिळतात. पुढच्या ठिकाणी साक्षांकित झेरॉक्स द्यायच्या, मूळ दाखवून परत घ्यायच्या. सोडताना नोटीस पीरियड पूर्ण कर आणि अनुभवपत्रावर चार गोष्टी आहेत का बघ: रुजू आणि सोडल्याची तारीख, पद ‘स्टाफ नर्स’, विभाग ‘मानसोपचार’ असा लिहिलेला, आणि हॉस्पिटलच्या खाटांची संख्या. पगार बँकेतून होत असेल तर पासबुकाची पानंही सांभाळ. अनुभवपत्र अडवून धरलं तर नोकरी केल्याचा तोच आधार राहतो.